गिटार तर घेतली, आता ॲम्प कोणता?

गेले काही आठवडे तुमच्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, इलेक्ट्रिक गिटार घेतली. घरी प्रॅक्टिस करायची आहे, जमलं तर थोडं रेकॉर्डिंग. स्वस्तात कोणता ॲम्प घेऊ?" तर आजचा भाग त्यावरच. आणि सुरुवात करतो माझ्या स्वतःच्या गाढवपणापासून.

माझी नोकरी नवीन होती. हातात बावीस हजार होते. दुकानात गेलो, आणि काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, "एकदाच घे, पण मोठा घे. उद्या बँडमध्ये वाजवशील तेव्हा पुन्हा खर्च नको." पटलं ना! पन्नास वॅटचा, बारा इंची स्पीकरचा ॲम्प रिक्षात घालून घरी आणला. घर कसलं, तर वन बीएचके. एका भिंतीपलीकडे शेजारचे काका, खालच्या मजल्यावर दहावीला असलेली मुलगी.

पहिल्या संध्याकाळी व्हॉल्यूमचा नॉब शून्यावरून जरासा सरकवला. काहीच नाही. अजून एक केसभर सरकवला, आणि भांड्यांच्या मांडणीतली ताटं थरथरली. दहा मिनिटांत बेल वाजली. काका ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "अरे, जरा बघ बाबा." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की दुसऱ्या दिवशी ॲम्प लावलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महिन्याभरात त्याच्यावर इस्त्रीचे कपडे आले. आठ महिने गिटारला हात लावला नाही म्हटलं तरी चालेल. शेवटी तेरा हजारांना विकला. नऊ हजार गेले त्याचं दुःख आहेच, पण ते आठ महिने गेले त्याचं जास्त आहे.

म्हणून आज जे काही सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच: जो ॲम्प तुमच्या घरात, तुमच्या वेळेला, रोज लावता येईल तो चांगला ॲम्प. बाकी सगळं नंतर.

आता वॅटचं गणित समजून घेऊ, कारण सगळे तिथेच फसतात. आपल्याला वाटतं, दहा वॅटपेक्षा शंभर वॅट दहापट मोठ्याने वाजत असणार. तसं नसतं. वॅट दहापट केले की आवाज दहा डेसिबलने वाढतो, आणि आपल्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. फक्त दुप्पट! उलटंही खरं. पन्नासवरून पाच वॅटवर आलात तरी आवाज अर्धाच होतो, गायब होत नाही. गिटारसाठीच्या चांगल्या बारा इंची स्पीकरला नुसता एक वॅट दिला तर एक मीटरवर ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज येतो. घरातला मिक्सर चालू असताना आपण ओरडून बोलतो ना, त्याच्याही वरचा हा आवाज. एका वॅटमध्ये! आणि आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आणि ऑफिस-कॉलेज करणाऱ्या माणसाला वाजवायला वेळ मिळतो नेमका तेव्हाच. म्हणजे खोलीत वाजवायला पाच-दहा वॅट पुरून उरतात.

आता दुसरा फसण्याचा मुद्दा, व्हॉल्व्ह ॲम्प, ज्याला ट्यूब ॲम्प म्हणतात. इंटरनेटवर सगळे म्हणतात, ट्यूबसारखा टोन नाही. खोटं नाही ते. पण त्या ट्यूबचा जो गोड फाटलेला आवाज आहे, तो पुष्कळदा ॲम्पला जोरात ढकलल्यावर येतो. पंधरा वॅटचा ट्यूब ॲम्पसुद्धा ड्रमरच्या शेजारी ऐकू येईल इतका मोठा वाजतो. तुम्ही तो घरी दबक्या आवाजात वाजवणार, म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे दिले तीच मिळणार नाही. त्यासाठी मॉडेलिंग ॲम्प बरे. त्यांत आतला प्रोसेसर वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल करतो, त्यामुळे हळू आवाजातही डिस्टॉर्शन मिळतं.

एक गंमत सांगतो. हळू वाजवताना आवाज पातळ वाटतो, तेव्हा लगेच ॲम्पला शिव्या देऊ नका. आपला कानच हळू आवाजात खालचे सूर आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं होतं. म्हणून घरी थोडा बास वाढवा, हरकत नाही. मात्र तेच सेटिंग मित्राकडे मोठ्याने लावलंत तर सगळं घुमणार, तिथे बास परत कमी करा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ॲम्पच्या मागे किंवा वर हेडफोनचं भोक आहे का बघा. नसेल तर तो ॲम्प कितीही स्वस्त असू दे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पुढे जावं. माझी गिटार परत सुरू झाली ती या एका भोकामुळे. रात्री साडेअकराला वाजवतो, काकांना पत्ताही नसतो. सोबत ऑक्स इन असेल तर उत्तम, फोनवर गाणं लावून त्याच्यावर वाजवता येतं.

आणि हेडफोन वायरचेच हवेत बरं का! तुमच्यापैकी निम्मे आत्ता मला ब्लूटूथ इअरबड्सवर ऐकत असाल, ते इथे चालत नाहीत. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज एक ते दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. व्हिडिओ बघताना कळत नाही, कारण ॲप चित्रालाही तेवढंच थांबवतं. पण तुमच्या बोटांना कोण थांबवणार? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दीड दशांश सेकंद उशीर म्हणजे ॲम्प पन्नास मीटर लांब ठेवून वाजवण्यासारखं झालं. ताल राहीलच कसा?

बरं, रेकॉर्डिंग. इथे तीन रस्ते आहेत.

पहिला, ॲम्पसमोर माइक. शुअर एसएम५७ हा माइक कित्येक स्टुडिओंत गिटारच्या स्पीकरसमोर दिसतो. स्पीकरच्या बरोबर मध्यावर धरला तर आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ होत जातो. पण घरात माइक म्हणजे पंखा, कुकरची शिट्टी आणि खालचा भाजीवाला, सगळे गाण्यात येणार. फोननेच रेकॉर्ड करायचं असेल तर फोन स्पीकरला चिकटवू नका, आवाज फाटतो. मीटर-दीड मीटर लांब ठेवा.

दुसरा, ज्या ॲम्पला यूएसबी आहे तो थेट कॉम्प्युटरला जोडा. माइक नाही, शेजारी नाही. खोक्यावर यूएसबी लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, तो ऑडिओ पाठवतो की फक्त चार्जिंगसाठी किंवा अपडेटसाठी आहे हे आधी विचारा.

तिसरा रस्ता, ॲम्पच नको! एक छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या, गिटार त्यात लावा, ॲम्पचा आवाज सॉफ्टवेअरमधून. आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँडमध्ये ॲम्प फुकट मिळतात. कॉम्प्युटरवर न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, तेही छान आहे. फक्त दोन गोष्टी पाळा. इंटरफेसवर "इन्स्ट्रुमेंट" किंवा "हाय-झेड" असा इनपुट हवा. साध्या पिकअपच्या गिटारला साध्या लाइन इनपुटमध्ये खुपसलं की आवाज मेल्यासारखा येतो. होम थिएटरमध्ये गिटार लावून निराश झालेले बरेच जण असतील, त्याचं एक कारण हेच. दुसरं, विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि बफर १२८ च्या आसपास ठेवा. एकूण उशीर दहा मिलिसेकंदांपर्यंत आला की ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहिल्यासारखं वाटतं. तेवढं चालतं.

मग नेमकं काय घ्यायचं? किमती रोज बदलतात, त्या तुम्ही आजच्या बघा. मी प्रकार सांगतो.

हॉस्टेलवर आहात, खोलीत तिघं आहेत, तर व्हॉक्सचा ॲमप्लग बघा. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, थेट गिटारच्या जॅकमध्ये बसतो, दोन ट्रिपल ए सेलवर चालतो, हेडफोन लावायचा की झालं. स्पीकर हवाच असेल तर बॉस कटाना मिनी: सात वॅट, सहा डबल ए सेल, गच्चीवरही नेता येतो. अगदी साधं, कमी बटणांचं हवं तर फेंडर फ्रंटमन १०जी: दहा वॅट, हेडफोनही आहे, ऑक्सही आहे, यूएसबी नाही. प्रॅक्टिस आणि रेकॉर्डिंग दोन्ही एकाच डब्यात हवं तर फेंडर मस्टँग एलटी२५ सारखा मॉडेलिंग ॲम्प, आठ इंची स्पीकर आणि यूएसबीवरून रेकॉर्डिंग. आणि "दादा, बँड खरंच आहे, दर रविवारी भेटतो" असं असेल तर बॉस कटाना ५०. त्यात पॉवर अर्ध्या वॅटवर आणायचा स्विच आहे. माझ्या त्या पहिल्या ॲम्पला असा स्विच असता तर आज हा भागच झाला नसता.

सेकंड हँड घ्यायला अजिबात लाजू नका. जाताना स्वतःची गिटार आणि केबल न्या. प्रत्येक नॉब फिरवून बघा. खरखर आली तर बऱ्याचदा आत धूळ असते, ते साफ होतं, पण भाव कमी करायला कारण मिळतं. जॅक हलवून बघा, हेडफोन लावून बघा, वीस मिनिटं चालू ठेवा. ट्यूब ॲम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा व्होल्टेज साठून राहू शकतो.

जाता जाता एक, कारण एकाने विचारलंय: "भाऊ अमेरिकेहून येतोय, तिथून मागवू का?" तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथला ॲम्प इथे थेट लावलात तर फ्यूज उडेल, किंवा आणखी वाईट काही होईल. अडॅप्टरवर "१००-२४०" लिहिलं असेल तर चालतं. नाहीतर वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, म्हणजे वाचवलेले पैसे परत तिथेच. आणि हम येतोय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. ॲम्पची बॉडी केबलमधून तुमच्या तारांना जोडलेली असते. आत काही बिघडलं तर करंट सरळ बोटांत येतो.

तर आज एक काम करा. दुकानाची वेबसाइट उघडण्याआधी कागदावर लिहा: मी वाजवणार किती वाजता, आणि तेव्हा घरात कोण झोपलेलं असेल? त्या उत्तरात तुमचा ॲम्प आहे.

माझा आता सात वॅटचा आहे. त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला जागाच नाही, एवढासा आहे. परवा काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "काय रे, गिटार सोडलीस वाटतं?" मी म्हटलं, "नाही काका, रोज वाजवतो."

चला, तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात भेटू. वाजवत राहा!