घराचे ताट आणि घराचे आरोग्य

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त टोपी बाजार, लष्कर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



महाराष्ट्रापासून इतक्या दूर, हिंदी मुलखात, ज्या वाचनालयाने शंभर वर्षे मराठी पुस्तकांचा संसार सांभाळला, त्याच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी साहित्यिक नव्हे. लष्करातील गल्ल्यांतून पस्तीस वर्षे वैद्यकी केलेला एक सामान्य डॉक्टर आहे. म्हणून साहित्यावर न बोलता, नेहमीचे आजार आहार-विहाराने कसे टाळता येतील, या विषयावर चार शब्द बोलणार आहे.

या वास्तूशी माझा संबंध जुना आहे. माझे वडील कचेरी सुटली की येथे येत आणि वर्तमानपत्रे वाचून दिवेलागणीला घरी परतत. बावन्नाव्या वर्षी वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली, म्हणून ते चष्म्याचा नंबर काढून घ्यायला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतील पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाहिल्या आणि नंबर काढण्याऐवजी रक्तदाब मोजला. तो फार वाढलेला निघाला. वडिलांचे डोके कधी दुखले नव्हते, त्यांना चक्कर कधी आली नव्हती. गोळ्या सुरू झाल्या आणि मीठ कमी करण्याचा सल्ला मिळाला.

घरी आल्यावर आईने जे केले, ते त्या काळी कोणत्याही गृहिणीने केले असते. तिने वडिलांसाठी छोट्या पातेल्यात अळणी भाजी वेगळी करायला सुरुवात केली. आम्हा भावंडांच्या ताटात नेहमीची आमटी, लोणचे, पापड. आणि त्याच पंगतीत वडिलांसमोर ते छोटे पातेले. दोन महिने त्यांनी ते निमूटपणे खाल्ले. मग एक दिवस म्हणाले, "मला काही होत नाही. आजाऱ्यासारखे वेगळे वाढू नका." पातेले बंद झाले, आणि काही दिवसांनी गोळ्याही. पाच वर्षांनी पक्षाघाताने ते गेले.

डॉक्टर झाल्यावर मी या घटनेचा पुष्कळ विचार केला. आईची माया कमी पडली नाही आणि डॉक्टरांचा सल्लाही चुकीचा नव्हता. चुकली ती योजना. आम्ही एका माणसाचे ताट बदलले. घराचे ताट होते तसेच ठेवले. आज मला जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे: आजाऱ्याचे ताट वेगळे करू नका, घराचे ताट बदला.

हे केवळ एका मुलाचे भावनिक मत नव्हे. फिनलंडमधील उत्तर करेलिया प्रांतात मध्यमवयीन पुरुषांच्या हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एकेकाळी जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी होते. तेथे १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली एक प्रकल्प सुरू झाला. त्यांनी केवळ रुग्णांवर लक्ष ठेवले नाही. साऱ्या प्रांताच्या सवयींना हात घातला. लोणी व साईचे दूध कमी करणे, मीठ कमी करणे, भाज्या वाढवणे, तंबाखू सोडणे. गावोगावच्या महिला संघटनांनी संध्याकाळचे मेळावे भरवले आणि तेथेच नवे पदार्थ रांधून लोकांना खाऊ घातले. पुढील चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आजारी आणि निरोगी एकाच पंगतीला बसले, म्हणून हे साधले.

आता आपल्याकडे वळू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. या सभागृहात बसलेल्या दर तिघांपैकी एकाचा, असा हिशेब करावयास हरकत नाही. "पण मी तर सडपातळ आहे," असे पुष्कळांना वाटते. त्यांच्यासाठी पुण्याचे उदाहरण देतो. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅम कमी भरले. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून स्थूल, अशी आपली घडण जन्मापासूनची आहे. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की सावध व्हावे.

१८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली आणि तिचेच पुढे लष्कर शहर झाले. त्या छावणीबरोबर आणि नंतर आलेल्या आपल्या पूर्वजांचे जेवण चालण्याला, घोड्यावर बसण्याला, दळण-कांडणाला साजेसे होते. कष्ट गेले, पंगत राहिली. आणि तिच्यात बाड्यावरची कचोरी, सकाळची बेडई व हिवाळ्यातील गजक यांची भर पडली. ग्वाल्हेरकराला गजक सोडा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. तीळगूळ संक्रांतीला घ्यावा तसा, वाटून आणि बेताने घ्यावा, एवढेच म्हणेन.

वास्तविक आपल्या ताट वाढण्याच्या पद्धतीतच शहाणपण आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे हे डावीकडचे. भाजी व आमटी उजवीकडची. डावीकडचे पदार्थ चवीपुरते घ्यावयाचे, हा जुना दंडक. तो आपण मोडला. लोणचे, पापड, चिवडा, शेव हे पोटभर खाऊ लागलो आणि कोशिंबीर मात्र चमचाभरच राहिली. माझी विनंती अशी, की कोशिंबिरीला उजवीकडे न्यावे, वाटीभर वाढावे, आणि लोणचे-पापडांना पुन्हा डावीकडे, बोटभर जागेत बसवावे.

मिठाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या घरांतून सरासरी ८ ग्रॅम आणि त्याहूनही अधिक मीठ पोटात जाते. पापडखारातही मिठातलाच घातक घटक असतो, हे ध्यानात ठेवावे. साऱ्या घराच्या स्वयंपाकातील मीठ एकदम न तोडता दर आठवड्याला थोडे थोडे कमी करावे. काही आठवड्यांत जिभेला नवी चव मानवते, आणि पूर्वीचीच आमटी खारट लागू लागते. आईने आमच्या सर्वांच्या आमटीतले मीठ असे उतरवले असते, तर वडिलांना वेगळे पातेले लागलेच नसते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारतत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत बैठे काम करणाऱ्यासाठी दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. आपल्या ताटात हे प्रमाण बहुधा उलटे असते. भाताची मूद लहान करावी, पोळी एक कमी घ्यावी आणि ती जागा उसळ, वरण व पालेभाजीने भरावी. यासाठी मुंबई-पुण्याहून काही मागवावे लागत नाही. भिंड-मुरैन्याची बाजरी दाराशी आहे. येथे ज्याला बथुआ म्हणतात, तो आपला चाकवतच. हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि चाकवताची ताकातली भाजी, याहून उत्तम पथ्य कोणते? मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पालेभाज्या व फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

चहाचा हिशेब तर प्रत्येकाने स्वतः करावा. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप; म्हणजे दहा चमचे, सुमारे ४० ते ५० ग्रॅम. दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असणे इष्ट. त्यातही जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, तर लिंबाचा रस त्याला साहाय्य करतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा पोह्यांवर लिंबू अवश्य पिळावे. चहा मात्र तासाभराने घ्यावा.

आहाराबरोबर विहार आला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः आयुष्यभर घातले आणि आपल्या संस्थानातील शाळांतूनही सुरू केले. त्यांनीही व्यायाम आजाऱ्यावर न सोपवता नित्यक्रमात बसवला. आपल्या ग्वाल्हेरात तर १९५७ सालापासून शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. ज्याला नमस्कार झेपत नाहीत, त्याने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाट्याने चालावे. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी, हिवाळ्यात धुके ओसरल्यावर. आणि तंबाखूविषयी तडजोड नाही. मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण सुपारी व तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या एकत्र करून खाल्ल्या, तर कायदा फसेल, शरीर फसणार नाही.

दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली अशी, की घराचे ताट बदलावयाचे म्हणजे सारा भार गृहिणीवर टाकावयाचा, असा अर्थ नव्हे. बाजारातून फरसाणाचा पुडा कोण आणतो, आणि आमटी अळणी म्हणून भुवया कोण उंचावतो, याचा पुरुषवर्गाने विचार करावा. दुसरी गोष्ट, आहार सुधारला म्हणून चालू असलेल्या गोळ्या कोणी आपल्या मनाने सोडू नयेत. माझ्या वडिलांनी सोडल्या होत्या, त्यांनाही "काही होत नव्हते". वाढलेला रक्तदाब आणि वाढलेली साखर बहुधा दुखत नाही. ती मोजावी लागते. तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी ती मोजून घ्यावी.

म्हणून शताब्दीच्या या प्रसंगी वाचनालयाला माझी एक लहानशी भेट आहे. रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र मी आज कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी वाचनकक्षात बसेन. वर्तमानपत्र चाळता चाळता ज्याने त्याने हात पुढे करावा. पन्नास वर्षांपूर्वी या कक्षातील एका वाचकाचा हात कोणी वेळेवर धरला नाही, ती उणीव एवढ्याने भरून येणार नाही, हे मी जाणतो. पण येथे येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी ते छोटे पातेले चुलीवर चढू नये, एवढीच इच्छा आहे.