कसोटी शेवटी नको

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने मोठी सॉफ्टवेअर कशी बांधावीत यावर एक निबंध लिहिला. त्यात एक आकृती आहे. आधी गरजा लिहून काढायच्या, मग विश्लेषण, मग आराखडा, मग कोडिंग, मग चाचणी आणि शेवटी वापर. एकेक पायरी उतरत जायचं. पुढे जगभरच्या कंपन्यांनी ही आकृती उचलली आणि तिला ‘वॉटरफॉल’ हे नाव पडलं. पण एवढ्यावरच विसंबणं धोक्याचं आहे, असा इशारा रॉइसने त्याच निबंधात दिला होता. चाचणी येते सर्वांत शेवटी. तोवर सगळं कागदावर ताडलेलं असतं, प्रत्यक्ष अनुभव पहिल्यांदा तिथे येतो. तिथे चूक निघाली, तर पार आराखड्यापर्यंत मागे जावं लागतं.

मी आज सॉफ्टवेअरवर बोलायला आलेले नाही. आपल्या मुलांच्या करिअरची आखणी आपण अजून याच आकृतीवर करतो आणि त्याची किंमत मुलं मोजतात, हे सांगायला आले आहे.

दहावीचे टक्के, अकरावीला सायन्स, क्लास, सीईटी, इंजिनिअरिंगची चार वर्षं, कॅम्पस. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाची पहिली खरी कसोटी लागते ती बाविसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात. दिवसभर हे काम करणं मला मानवतं का, या प्रश्नाला तोवर कुणी हातच लावलेला नसतो. स्पर्धा परीक्षांचं तर त्याहून अवघड. यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी सहा प्रयत्न, बत्तीस वर्षांची वयोमर्यादा, जागा साधारण हजार आणि अर्ज दहा लाखांच्या घरात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तहसीलदाराचा दिवस कसा जातो, फेरफाराचे तंटे, शेतरस्त्याचे वाद, अवकाळीनंतरचे पंचनामे कसे चालतात, हे चार दिवस जवळून पाहिलेला मुलगा मला क्वचितच भेटतो. परीक्षेची तयारी वर्षानुवर्षं होते, कामाची ओळख मात्र निकालानंतर.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड या डोंगरातल्या ठिकाणी सॉफ्टवेअर क्षेत्रातले सतरा जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी ‘झटपट काम’ असा लावला जातो, किंवा ‘योजनाच नको’ असा. दोन्ही चूक. योजनेला किंमत आहे असं ते स्पष्ट म्हणतात. फक्त बदलाला प्रतिसाद देणं त्यांनी योजनेला चिकटून राहण्याच्या वर ठेवलं. प्रत्यक्ष चालणारी वस्तू त्यांनी जाडजूड कागदपत्रांच्या वर ठेवली. मला या सगळ्याचं सार एकच वाटतं: कसोटी शेवटी ठेवू नका, ती पुढे आणा.

स्क्रम ही त्यातली सर्वांत रुळलेली पद्धत. काम छोट्या मुदतींत तोडायचं. त्या मुदतीला स्प्रिंट म्हणतात. ती महिन्याच्या आतली असते, बऱ्याच ठिकाणी दोन आठवड्यांची. मुदत संपली की काहीतरी पूर्ण झालेलं हातात हवं. ते वापरणाऱ्याला दाखवायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग पुढचं ठरवायचं. त्यानंतर ‘रेट्रो’, म्हणजे आपण काम कसं केलं याचा आपसात आढावा. हिंजवडी-खराडीत नोकरी करणाऱ्यांना हे तोंडपाठ आहे. त्यांनी ते घरी आणावं, अशी माझी इच्छा आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. माझ्या ओळखीची एक मुलगी बी.कॉम. आहे, एका कार्यालयात बिलिंग करते. तिला डेटा ॲनालिस्ट व्हायचं होतं आणि सहा महिन्यांच्या महागड्या कोर्सचा फॉर्म भरून तयार होता. मी म्हटलं, आधी दोन आठवडे थांब. एक छोटं काम पूर्ण कर आणि ज्याला त्याची खरी गरज आहे अशा माणसाला दाखव. तिचे मामा एका ग्रामीण पतसंस्थेत वसुली पाहतात. त्यांच्याकडून तिने थकीत कर्जांची जुनी यादी घेतली, नावं आणि खातेक्रमांक काढून टाकलेली. उघडली तर एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, तारखांच्या रकान्यात कुठे तारीख तर कुठे नुसतं ‘मार्चअखेर’. पहिला आठवडा साफसफाईतच गेला. पण या कामाला आपण कंटाळत नाही, रात्री अकरा वाजले तरी उठवत नाही, हे तिला कळलं. कुठल्याही कलचाचणीने हे एवढ्या खात्रीने सांगितलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात तिने एक पानाचा तक्ता केला: हप्ते कोणत्या महिन्यांत चुकतात, ऊसबिलाशी त्याचा मेळ कसा बसतो. मामांनी पाहिला आणि म्हणाले, “हे मला पाठच आहे गं. पुढच्या महिन्यात आधी कुणाच्या दारात जाऊ, ते सांग.”

ती हिरमुसली. पण आढावा म्हणतात तो हाच. जे हवं होतं ते तिच्या तक्त्यात नव्हतं, आणि ते काढण्यासाठी तिला सॉफ्टवेअर नव्हे, संख्याशास्त्र कमी पडत होतं. मोठा कोर्स तिने सोडला, संख्याशास्त्राचा लहान कोर्स धरला आणि पुढच्या पंधरवड्याचं काम मामांच्या प्रश्नावरून ठरवलं. आजही ती बिलिंगच करते. पण पुढचं पाऊल कशासाठी टाकायचं, हे तिला ठाऊक आहे.

दोन गोष्टी इथे पाळाव्या लागतात. काम सुरू करण्याआधी प्रश्न आणि तारीख लिहून ठेवायची: मला काय तपासायचं आहे, आणि कधी थांबून पाहायचं आहे. नाहीतर मन निकालाला सोयीचा प्रश्न मागाहून शोधून काढतं. दुसरी, एका वेळी एकच प्रयोग. जर्मन, पायथॉन आणि बँकेची परीक्षा एकत्र चालवणाऱ्या मुलाचं तिन्हींतलं काहीच तपासण्याइतकं पुरं होत नाही.

आता या पद्धतीची मर्यादा. वैद्यक पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत शिकता येत नाही. गाणंही नाही. तिथे एकदा शिरलं की वर्षानुवर्षं टिकून राहणं हेच काम. पण शिरण्यापूर्वी रुग्णालयात जाऊन बसता येतं, वॉर्डातली रात्र पाहता येते. लांब पल्ल्याच्या वाटेवर तर हे आधी पाहणं अधिकच गरजेचं.

मोठी अडचण निराळी आहे. प्रयोग करायला फुरसत लागते आणि चुकायला पैसा लागतो. ज्या घरात पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, तिथल्या मुलाला ‘करून बघ’ म्हणणं सोपं नाही. म्हणून हा केवळ एकेकट्याचा प्रश्न राहत नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवी टप्प्याटप्प्याने घेण्याची मुभा दिली: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक जमा ठेवायला बँक. थांबून परत येण्याची वाट कागदावर खुली आहे. ती वापरणाऱ्या मुलाला ‘वर्ष वाया घालवलं’ असं म्हणायचं आपण थांबवलं पाहिजे.

आणि शेवटची विनंती. या सभागृहात वकील आहेत, दुकानदार आहेत, शेती करणारे आहेत, कारखाना चालवणारे आहेत. परीक्षा संपून सुट्टी लागली आहे. ओळखीतल्या नव्हे, अनोळखी घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला या सुट्टीत दोन आठवडे आपल्याकडे बोलवा. जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही द्या. नुसतं बसवून ठेवू नका. पूर्ण होईल असं एक खरं काम द्या आणि शेवटच्या दिवशी अर्धा तास काढून ते त्याच्यासमोर तपासा.