गोव्याचा धेंपो संघ

अहिल्यानगर जिल्ह्याहून लोकसंख्येने कितीतरी लहान असलेल्या गोव्यात, १९६८ साली धेंपो या उद्योगपती घराण्याच्या आश्रयाने जो फुटबॉल संघ उदयास आला, त्याने पुढे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली, २००५ ते २०१२ या अवधीत राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा संपादन केले. २००८ साली तर आशियाई महासंघाच्या चषकस्पर्धेची उपान्त्य फेरीही गाठली. कोलकात्याच्या मातबर संघांची मिरास मोडणारा हा पराक्रम मला विलक्षण वाटतो. २०१६ साली, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या स्पर्धारचनेविषयी तीव्र मतभेद झाल्यामुळे, संघाने आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून माघार घेतली. भारतीय फुटबॉलची ती मोठीच हानी होती. २०२४ साली मात्र धेंपो आय-लीगमध्ये परतला.