पिळाला वाट हवी
(गोव्यातील पेडणे येथे भरलेल्या अस्थिरोपण परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



हाडात बसवायच्या सळया आणि कृत्रिम सांधे पिळाचा ताण कसे सोसतील, याचा खल करायला पेडणेच का, असे गावातही विचारले गेले. उत्तराआधी आमची ओळख करून दिली पाहिजे, कारण मोपाच्या विमानतळावर उतरणारे बहुतेक पाहुणे गाडीत बसून थेट दक्षिणेची वाट धरतात. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधला हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. तोवर त्यांचा धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून त्यांनी आधी जिंकलेल्या जुन्या काबिजादींतल्या देवळांच्या वाट्याला जी मोडतोड आली ती इथे आली नाही. भगवतीच्या देवळापुढचे दोन दगडी हत्ती आपण जाताना अवश्य पाहावेत. महादजी शिंद्यांचे सेनानी आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज चालवणारे जिवबादादा बक्षी आमच्या केरीचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या झेलल्या त्या आमच्या पत्रादेवीच्या वेशीवर. डिचोलीकर आज आमचे सहयजमान आहेत, तेव्हा नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा उल्लेख राहिला तर रुसवा व्हायचा. १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हरवळ्याची लेणी आणि मयेचे तळेही त्यांचेच, हे मोठ्या मनाने मान्य करतो.

पण या सभेत ज्यांचे नाव सर्वांत आधी घ्यायला हवे, ते मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड. वडील मुलाला घेऊन मुंबईला गेले आणि मातीच्या बाहुल्या विकून संसार चालवू लागले. मुलाची बुद्धिबळातली चमक एका इंग्रजाच्या नजरेत भरली, आणि त्याच्या आग्रहामुळे मुलाला इंग्रजी शिक्षण मिळाले. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ होते. ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, आणि भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी खपले; त्या संग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर, शिवाय छायाचित्रकार. मुंबईत भाऊंचे नाव जितके घेतले जाते तितके त्यांच्या जन्मतालुक्यात घेतले जात नाही, ही उणीव आजच्या निमित्ताने थोडी तरी भरून निघावी. कोणी म्हणेल, भाऊ काही अस्थितज्ज्ञ नव्हते. खरेच आहे. पण महारोगावरच्या देशी वनस्पतींच्या औषधाचे त्यांनी रुग्णांवर प्रयोग केले आणि शिलालेख मूळ दगडावरून वाचण्याचा आग्रह धरला. इतरत्र सिद्ध झालेले ज्ञान आपल्या माणसांवर, आपल्या जागी तपासून घ्यायचे, ही त्यांची रीत. आपल्या विषयाला मला तीच लावावीशी वाटते.

मी वैद्य नाही आणि अभियंताही नाही, तरी या शास्त्राचा जो इतिहास छापलेला आहे त्यातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. पिळाचा ताण कोणालाही नाहीसा करता येत नाही. तो कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा एवढेच रचनाकाराच्या हाती असते. पाऊल रोवलेले असताना धड वळले की पीळ नडगीत शिरतोच. घोट्याखालचा सांधा, गुडघा आणि खुबा तो वाटून घेतात; त्यांना जमले नाही तर हाड तिरक्या वळणाने, मळसूत्रासारखे चिरत जाते. मोडलेल्या हाडात हा पीळ अडवावाच लागतो, नाहीतर जुळणारे तुकडे एकमेकांवर फिरत राहतात किंवा पाऊल भलत्या दिशेला वळून हाड सांधते. जर्मनीच्या क्युंटशर यांनी १९३९ च्या सुमारास हाडाच्या पोकळीत ठोकायची सळई आणली. ती वाकण्याला उत्तम तोंड देई, पण तिच्या अंगाला उभी चीर असल्याने पिळापुढे दुबळी ठरे. अखंड वेळू हाताने पिळवत नाही, उभा चिरलेला मात्र सहज पिळतो, तसेच हे. दोन्ही टोकांना आडवे स्क्रू घालून सळई हाडाला जखडण्याची पद्धत १९७० नंतर रुळली, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली.

मग सांध्यातही असेच घट्ट जखडावे, हा तर्क साहजिक आहे आणि तो करून पाहिला गेला. स्वीडनच्या वाल्डियस यांनी १९५० च्या दशकात बनवलेला बिजागरीचा गुडघा फक्त मागेपुढे वाके. खरा गुडघा वाकताना थोडा फिरतोही. फिरायला जागा न मिळालेला पीळ धातू आणि हाड जिथे जुळतात त्या सांधणीवर उतरला, आणि असे गुडघे कालांतराने सैल होत गेले. म्हणून पुढच्या पिढीने बिजागरीलाच फिरण्याची मुभा दिली. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात खुब्याचा गोळा मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटरचा ठेवला, तो याच हिशेबाने. गोळा लहान की घर्षणाचा पीळ कमी, आणि वाटीचे बस्तान टिकाऊ. गोटेनबर्ग येथे १९९० पासून मांडीच्या हाडात टायटॅनियम रोवून त्याला थेट कृत्रिम पाय जोडला जाऊ लागला. तिथे मधली मांसाची गादीच उरत नाही, म्हणून पुढे असा जोड बसवण्यात आला की पीळ ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर तोच सुटतो आणि हाड वाचते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की मोकळीक दिली की सांधा निखळतो किंवा झिजतो. हा आक्षेप खरा आहे. लहान गोळा वाटीतून सहज निसटतो, हे चार्नलींच्या रचनेचेच मोल आहे. पण त्यावरून मोकळीक मोजून द्यावी एवढेच सिद्ध होते, ती देऊच नये असे नाही. दुसरा आक्षेप असा की आणखी बळकट धातू आला की प्रश्न मिटेल. धातू बळकट झाला तर धातू मोडणार नाही, पण हाडाशी असलेल्या सांधणीवरचा पीळ तेवढाच राहतो. उलट फार ताठर धातू हाडाचा भार स्वतःवर घेतो आणि बिनकामाचे हाड विरळ होत जाते.

आता पेडणेच का, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. रुग्णाला जमिनीवर बसू नका म्हणून सांगितले की काम झाले, असे मानणे सोपे आहे. इथे पंगत जमिनीवर, भजनाला मांडी जमिनीवर, बायांची फुगडी पायांवर गरगरणारी. पाडेली माडावर चढतो आणि काजूची बोंडे पायांनी तुडवली जातात. गुडघा पूर्ण वाकला की नडगी आतल्या बाजूला वळते, आणि मांडी घालताना खुबा बाहेर फिरतो. म्हणजे पिळाची खरी परीक्षा खुर्चीवर होत नाही, सतरंजीवर होते. ही मागणी अवास्तव नाही. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी उकिडवे बसता येईल, खडबडीत शेतात चालता येईल असे पाऊल घडवले. ते शरीराबाहेरचे होते आणि शरीरातल्या सांध्याला जंतुसंसर्गापासून झिजेपर्यंत अधिक अडचणी असतात, हे मान्य. तरी रचनेचा आरंभ वापरणाऱ्याच्या जगण्यापासून करायचा, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते, आणि पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस’ गुडघा भारतीयांचा विचार करूनच घडवला.

व्यवस्थेबद्दल क्षमा मागितल्यावाचून स्वागताध्यक्ष खाली बसू शकत नाही. शहरात पुरेशी निवासस्थाने नसल्याने काहींना मांद्रे, मोरजी आणि हरमलच्या किनाऱ्यावर उतरवावे लागले. शेजारच्या खोलीतले संगीत रात्री उशिरापर्यंत चालले तर तो परिषदेचा कार्यक्रम समजू नये. वीज अधूनमधून जाते, जनित्र आणून ठेवले आहे, पण ते जेवणाच्या मंडपाकडे आधी धावते. खतखत्यात हरमलची मिरची जास्त पडली तर सोलकढी मागून घ्यावी. खुर्च्या कमी पडल्याने मागे सतरंज्या अंथरल्या आहेत. आपल्या विषयाला धरून त्याही वापरून पाहाव्यात. सढळ हाताने मदत करणारी देवस्थाने, काजू कारखानदार, तांदूळ-नारळ पाठवणारे शेतकरी, डिचोलीहून मातीच्या समया आणणारे कुंभार, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, वाहने देणारे ट्रकमालक, मंडप फुकट घालणारे आमचे कंत्राटदार, आणि ज्यांनी नाव सांगू नका म्हणून बजावले ते दोन दाते, या सर्वांचे ऋण शब्दांत फिटण्यासारखे नाही. कोणाचा उल्लेख राहिला असेल तर तो माझा विसराळूपणा. त्यांची देणगी आमच्या वहीत नीट नोंदलेली आहे.

एकच विनंती करतो. कोणत्याही नव्या रोपणाची रेखाटने पक्की करण्याआधी जमिनीवर बसणे, उकिडवे बसणे आणि मांडी घालून उठणे यांत येणारा पीळ चाचणीत धरला जावा, असा ठराव ही परिषद करील तर यजमानांच्या खटपटीचे चीज होईल.