पवित्र शास्त्र स्वतः वाचावे
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आपण देवाचे उपकार मानण्यास जमलो आहोत. ज्यांनी तुटपुंज्या मिळकतीतून पैसा बाजूस काढून हे मंदिर उभारिले, त्यांचे स्मरण करणे आपले कर्तव्यच होय. परंतु ज्युबिली म्हणजे केवळ आनंद नव्हे. तो हिशेब पाहण्याचाही दिवस आहे. आपल्यातील एक उणीव आज मी सांगणार आहे, आणि तिचा आरंभ स्वतःपासून करणार आहे.

माझ्या गुरुदीक्षेच्या पहिल्या वर्षी एक गृहस्थ मजकडे शंका घेऊन आले. ते द्राक्षमळ्यात रोजंदारीने राबत. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला त्यांनी घरी वाचला होता. पहाटेपासून उन्हात खपणाऱ्यास आणि दिवस मावळताना आलेल्यास मालकाने सारखीच मजुरी का द्यावी, असे त्यांनी विचारिले. मी घाईत होतो. ‘ते आम्हां धर्मगुरूंवर सोडा, तुम्ही मिस्साला या, जपमाळ म्हणा, तेवढे पुरे,’ असे बोलून मी त्यांस वाटेस लाविले.

पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या अंतकाळी मला बोलावणे आले. वेदीवर पवित्र शास्त्र स्वच्छ वस्त्रात गुंडाळून ठेविले होते. वर ताजी फुले होती. उघडू गेलो, तो पाने एकमेकांस चिकटलेली. ते क्षीण स्वरात म्हणाले, ‘फादर, तुम्ही सांगितलेत, म्हणून मी ते पुन्हा उघडले नाही.’ त्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. मी तोच दाखला काढून वाचला. ते म्हणाले, ‘पुन्हा वाचा.’ मी पुन्हा वाचला.

बंधुभगिनींनो, मला ज्ञान नव्हते असे नाही. सर्व श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्र वारंवार वाचावे, असा आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजीच्या आपल्या दस्तऐवजात धरिला आहे. सेमिनरीत त्यावर मी परीक्षाही दिली होती. शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचेच अज्ञान, हा संत जेरोम यांचा इशाराही मला पाठ होता. पाठ होता, पण अंगी उतरला नव्हता.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने वाचून चुकीचा अर्थ लाविला तर? ही भीती अगदीच निराधार नाही. ख्रिस्तसभेतील फुटीनंतर तिने आपल्या पूर्वजांच्या मनात फार काळ घर केले होते. पण प्रेषितांच्या कृत्यांतील तो प्रसंग पाहा. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार जेरुसलेमहून परतताना रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत होता. त्यास अर्थ उमगेना. तेव्हा देवाने फिलिपास त्याच्याकडे धाडिले. ग्रंथ मिटलेला असता, तर फिलिपाने काय समजाविले असते? स्वतः वाचणे म्हणजे ख्रिस्तसभेस सोडून वाचणे नव्हे. वाचकाने शंका आणावी आणि धर्मगुरूने बसून तिचे निरसन करावे, ही दोघांची कर्तव्ये आहेत. त्या गृहस्थांनी आपले केले होते. माझे मी केले नाही.

मराठीत वाचावयास मिळत नाही, ही सबबही आपणांस नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्लंडातून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूने लोकांच्या कानांस ओळखीच्या ओवीछंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापिले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ह्याच नाशकात संस्कृताचे अध्ययन केले होते. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. तरी १८९३ साली आगगाडीत एका सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी दिल्या शब्दाखातर वाचला, गिरिप्रवचनापाशी त्यांचे मन गुंतले, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ आपल्या हाती दिले. इतक्या जणांचे श्रम आपण वस्त्रात गुंडाळून ठेवावे काय?

आपले हिंदू शेजारी श्रावणात घरी पोथी लावितात. एक वाचतो, सारे घर ऐकते. ही रीत आपणांस परकी नाही. सायंकाळी जपमाळेनंतर प्रत्येक घरात एक अध्याय वाचला जावा. संत मार्कच्या शुभवर्तमानात अवघे १६ अध्याय आहेत. १६ दिवसांत ते पुरे होईल. वाचता येणाऱ्या मुलाने वाचावे, ज्यांची दृष्टी मंद झाली आहे अशा आजीने ऐकावे. जे समजणार नाही, ते घेऊन मजकडे यावे. ह्यापुढे मी कोणासही घाईने परत पाठविणार नाही, हे वचन मी आज ह्या वेदीसमोर देत आहे.

आपल्या धर्मग्रामाच्या पुढच्या ज्युबिलीस आपल्या घरातील पवित्र शास्त्राची पाने हाताळून मऊ झालेली असोत, हीच प्रभुचरणी प्रार्थना. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.