डोंगराला छिन्नी लावणारा नवरा

आज आठवण काढू या बिहारच्या गया जिल्ह्यातल्या गेहलौर गावच्या एका शेतमजुराची. दशरथ मांझी त्यांचं नाव. मुसहर समाजातले, रोज दुसऱ्याच्या रानात राबणारे.

गावाला आडवा डोंगर. दशरथजी पलीकडे कामाला, आणि पत्नी फाल्गुनीदेवी डोंगर चढून दुपारचं जेवण घेऊन यायच्या. एकदा त्यांचा पाय घसरला, असं सांगतात. दवाखाना डोंगराला वळसा घालून कोसन्‌कोस लांब. त्या वाचल्या नाहीत.

१९६० साली दशरथजींनी हातोडा-छिन्नी उचलली. गावाने त्यांना वेड्यात काढलं. आपणही काढलंच असतं म्हणा! पण घरी लेकरं होती, मजुरी सोडून कसं चालेल? मजुरीही चालू, आणि उरल्या वेळात डोंगरही. रोज एवढीशी कपची निघायची. अशी एक-दोन नव्हे, २२ वर्षं.

१९८२ मध्ये खिंड मोकळी झाली. सुमारे ११० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. अत्री आणि वजीरगंज यांच्यातलं ५५ किलोमीटरचं अंतर १५ वर आलं. वाट काढली बायकोच्या आठवणीत. चालू लागली सगळी पंचक्रोशी.

ऑगस्ट २००७ मध्ये दिल्लीत कर्करोगाने त्यांचं निधन झालं. बिहार सरकारने शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले. पुढे चित्रपट आला, टपाल तिकीटही निघालं. त्या वाटेवर डांबर मात्र त्यांच्या हयातीत पडलं नाही.