घराला कुलूप, राउटरला काय?



आम्ही एकाच सोसायटीत राहणाऱ्या सातजणी. दर शनिवारी दुपारी जेवणं आटोपली, की कुणाच्या तरी घरी जमतो. पूर्वी नुसती भिशी असायची. आता भिशीबरोबर आणखी एक उद्योग असतो. घरातलं इंटरनेट सुरक्षित कसं ठेवायचं, ते आम्ही एकमेकींकडून शिकतो. हे खूळ आमच्या डोक्यात कसं शिरलं, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीनं सासूबाईंच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला आणि ही दिवसभर नोकरीवर. मोबाईलवर अधूनमधून बघता यावं, एवढाच हेतू. एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुपारी तू मला बघत होतीस का? तो डोळा सारखा फिरत होता." हिनं तर दुपारभर मोबाईल हातात घेतला नव्हता. घरच्यांनी 'वय झालंय, भास होतात' म्हणून विषय सोडून दिला. दोन दिवसांनी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी कॅमेरा वळताना पाहिला. माणूस हलला की वळायची सोय त्यात होती, पण ती बंद होती. सासूबाईंचं अंग पुसणं, कपडे बदलणं, सगळं त्याच खोलीत. आम्हाला सांगताना तिला रडू आवरेना.

आमच्यातल्या एक ताई दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "रडायचं नंतर. आधी प्लग काढ." मग त्यांनी तपासलं. कॅमेऱ्याचं नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्ड '१२३४५', कारखान्यातून आला तसाच. शिवाय बाहेरून दिसावं म्हणून बसवणाऱ्यानं राउटरमधून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडून ठेवलेली. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. म्हणजे दार सताड उघडं आणि किल्ली सगळ्या जगाला ठाऊक!

केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर आम्ही तक्रार नोंदवली. संमतीशिवाय कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कोण डोकावत होतं, ते आजवर कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या साध्या घरात बघायला कोण येतंय? मैत्रिणींनो, ते घर निवडून येत नाहीत. २०१६ साली 'मिराई' नावाचा एक घातक प्रोग्रॅम पसरला. तो इंटरनेटवर दारोदार फिरायचा आणि कारखान्यातले साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघायचा. त्यातून लाखो कॅमेरे आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरचे ते कॅमेरे, त्यांना पत्ताही नव्हता.

तर आम्ही काय काय केलं?

पहिलं म्हणजे राउटरचा पासवर्ड बदलला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आत शिरायचा वेगळा. आमच्यातल्या पाचजणींना हा फरकच माहीत नव्हता. राउटरच्या पोटावर चिठ्ठी असते, तिच्यावर १९२.१६८.१.१ असा काहीतरी पत्ता असतो. घरच्या वायफायवरून तो उघडला, की आत जाता येतं. ते पान तुमच्या हाती नसेल, तर इंटरनेट देणाऱ्यांकडून बदलून घ्या.

दुसरं, वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा लावली आणि डब्ल्यूपीएस ही बटण दाबून जोडायची सोय बंद केली. पासवर्डात मुलाचं नाव आणि जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, लक्षातही राहतात.

तिसरं, टीव्ही, कॅमेरा आणि पाहुणे यांच्यासाठी राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' सुरू केलं. पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो, तिजोरीच्या खोलीत नाही, तसंच हे.

चौथं, बाहेरून उघडलेल्या वाटा बंद केल्या. राउटर आणि कॅमेऱ्याचे अपडेट आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्याजणी मिळून बघतो.

चुकाही झाल्या. एकीनं मदत मागायला राउटरच्या चिठ्ठीचा फोटो सोसायटीच्या दीडशे माणसांच्या ग्रुपवर टाकला. पासवर्ड त्याच चिठ्ठीवर! ताईंनी तो लगेच काढायला लावला आणि पासवर्डही बदलायला लावला. तेव्हापासून आमचा नियम आहे: प्रश्न कितीही विचारा, चिठ्ठीचा फोटो टाकायचा नाही आणि 'एवढंही कळत नाही?' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. या दुसऱ्या नियमामुळंच आम्ही टिकलो. घरात असा प्रश्न विचारला, की 'तुला काय करायचंय?' हेच उत्तर मिळायचं.

आता दोघींनी जुन्या संगणकावर घरचे फोटो ठेवायला छोटा सर्व्हर उभारलाय. तो घराबाहेरून उघडत नाही आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असते.

आणि सासूबाई? मैत्रिणीनं त्यांची माफी मागितली. त्या खरं सांगत होत्या आणि कुणी ऐकलं नव्हतं. कॅमेरा आता त्यांना विचारून लावलाय, बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. त्यांच्या हाताशी बेल दिली आहे. ती वाजली, की शेजारची आमची मैत्रीण धावत जाते.

आज एवढंच करा. घरातला राउटर उलटा करून त्याची चिठ्ठी वाचा. आणि शेजारणीलाही बोलवा, दोघी मिळून भीती कमी वाटते.